आकडा कुठल्या पानाचा?

आवळ्यात व्हिटॅमिन सी किती असतं? घरात आहारशास्त्राचं एखादं जुनं पुस्तक असेल तर त्यात शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम असं छापलेलं सापडेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातला हा आकडा. पाठ्यपुस्तकांनी तो घेतला, आरोग्याच्या सदरांनी घेतला, मोरावळ्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीनंही घेतला, आणि आता तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच संस्थेनं २०१७ साली नवे तक्ते काढले. त्यात आवळा अडीचशेच्या आसपास आहे. शेवग्याच्या पाल्याचंही तसंच. जुन्या तक्त्यात २२०, नव्यात जवळजवळ निम्म्यावर.

वर्गात हे दोन आकडे शेजारीशेजारी फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरून ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, जमिनीत आता कसच राहिला नाही." पुढच्या बाकावरचे हुशार म्हणतात, आधीच्या लोकांकडे यंत्रं नव्हती, त्यांचं चुकलं असणार. पहिल्या उत्तरात गावाकडची हळहळ आहे आणि दुसऱ्यात शहराकडचा तोरा. मला जे सांगायचं असतं ते या दोन्हीत बसत नाही आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासातही मावत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत काय नाही याची यादी लांबलचक होईल. काय आहे ते सांगते: ब्युरेटी, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या मापाच्या काचनळ्या आहेत, चिनीमातीचे खल आहेत, अर्क गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं, आवाज करणारं एक सेंट्रिफ्यूज आहे, वीज असेल तोवर चालणारा फ्रिज आहे, आणि नाना आहेत. नाना प्रयोगशाळा परिचर. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता स्वतः प्राध्यापक होऊन निवृत्तीला आली आहेत. एवढ्या भांडवलावर पानातलं व्हिटॅमिन सी मोजता येतं, आणि बऱ्यापैकी नीट मोजता येतं.

मुळात झाड हे व्हिटॅमिन आपल्यासाठी बनवत नाही, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायलाच अर्धा तास जातो. झाडाला ते उन्हासाठी लागतं. भर दुपारी पानावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढा सगळा काही पानाला पचत नाही. जास्तीच्या प्रकाशामुळे हरितकणांत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्यं तयार होतात. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच आपलं व्हिटॅमिन सी, ती निपटतं, त्यात स्वतः खर्ची पडतं, आणि पेशी त्याला पुन्हा पूर्ववत करून कामाला लावते. म्हणून एकाच शेवग्याच्या उन्हाकडच्या पानात ते साधारण जास्त सापडतं आणि सावलीतल्या पानात कमी. गंमत अशी की या रेणूची रचना १९३० च्या दशकातच कळली होती, पण झाड तो नेमका कोणत्या वाटेनं घडवतं हे मात्र १९९८ साली इंग्लंडमध्ये स्मिर्नॉफ आणि व्हीलर यांच्या कामातून पुढे आलं. मॅनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांवरून जाणारी ती वाट आहे. बकरी हे व्हिटॅमिन आपल्या यकृतात स्वतःच तयार करते. माणसाला, माकडांना आणि गिनिपिगला ते जमत नाही. म्हणजे शेवग्याचा पाला जी मन लावून खाते, तिला त्यातल्या व्हिटॅमिन सीची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे ते शेंगा खाऊन पाला बकरीला टाकतात.

नंदुरबारला थंडीच्या दिवसांत गेलात तर गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतील. ओली लाल मिरची ट्रॅक्टरनं येते आणि मोकळ्या रानात पसरली जाते. नजर जाईल तिथवर लाल. बायका तोंडाला फडकं बांधून ती खालीवर करत असतात, आणि पाहायला येणारा मात्र शिंकून शिंकून हैराण होतो. तिथून जाताना मला दर वेळी हंगेरीतलं सेगेद नावाचं गाव आठवतं. मी ते पाहिलेलं नाही, पण तेही मिरचीचंच गाव. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी तिथल्या विद्यापीठात होते. १९२८ साली केंब्रिजमध्ये गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथींतून त्यांनी एक पदार्थ वेगळा काढला होता, पण तो इतका थोडा की त्याच्यावर पुढचं काम होईना. लिंबू-संत्र्यांतून काढावा तर त्यांतल्या साखरा वेगळ्या होता होत नाहीत. मग एका रात्री बायकोनं जेवणात ताजी लाल पापरिका वाढली. ती खायची इच्छा नव्हती, म्हणून हे गृहस्थ ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की ग्रॅममागे सुमारे दोन मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी या मिरचीत आहे. काही आठवड्यांत त्यांच्याकडे किलोभराहून जास्त शुद्ध माल जमा झाला. १९३७ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं, आणि या रेणूची रचना उलगडणाऱ्या हॅवर्थना त्याच वर्षी रसायनशास्त्राचं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे, तेव्हा थोडा तिखट-मीठ लागलेला असेल, पण मिरची मात्र खरी.

ती मिरची ताजी होती, हे गोष्ट सांगताना नेहमी निसटतं. जुन्या तक्त्यात हिरव्या मिरचीला १११ मिलिग्रॅम आहेत आणि वाळलेल्या मिरचीला ५०. वरवर पाहिलं तर निम्मं उरलं असं वाटतं. पण मिरची वाळते तेव्हा तिचं वजन पाच-सहा पटीनं घटतं. पाणी तेवढं उडून बाकी सगळं जागेवर राहिलं असतं, तर वाळलेल्या मिरचीचा आकडा ६०० च्या घरात जायला हवा होता. तिथं ५० आहे. म्हणजे दहातले नऊ हिस्से पथारीवरच गेले. रंग राहिला, तिखटपणा राहिला, भाव त्यावर ठरतो. जे गेलं त्याचं वजनकाट्यावर काही दिसत नाही.

इथून मोजणीची खरी अडचण सुरू होते. पान खुडलं की त्यातून दोन गोष्टी निघून जाऊ लागतात, पाणी आणि व्हिटॅमिन, आणि दोघांचा वेग वेगळा. खान्देशातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, डांबर बुटाला चिकटतं, आणि सकाळी आणलेली मेथीची जुडी अकराला मान टाकते. अशा दिवशी शेवग्याचा ताजा पाला शंभर ग्रॅम घेतला आणि त्यात २०० मिलिग्रॅम आहे असं धरलं. शेतातून कॉलेजात येईपर्यंत वीस ग्रॅम पाणी उडालं आणि व्हिटॅमिनही दहा टक्के गेलं. आता ८० ग्रॅम पाल्यात १८० मिलिग्रॅम आहे. हाच पाला तोलून मोजला तर शंभर ग्रॅमला २२५ येतात. नुकसान झालेलं पान ताज्या पानापेक्षा जास्त आकडा दाखवतं! हे त्रैराशिक मी फळ्यावर करून दाखवते तेव्हा वर्गात पहिल्यांदा शांतता होते. म्हणून पाल्याचा एक वाटा तोलून ओव्हनमध्ये वाळवायचा, त्यात पाणी किती होतं ते काढायचं, आणि आकडा कोरड्या वजनावर मांडायचा. भाजीबाजारात उलटं चालतं. तिथं दर तासाला जुड्यांवर पाणी शिंपडतात, म्हणजे वजन फुगतं आणि शंभर ग्रॅममागचा आकडा खाली येतो. पाला तोच असतो.

पानाला आहे त्या क्षणी थांबवायचं असेल तर मोठ्या प्रयोगशाळांत द्रव नायट्रोजन वापरतात. उणे १९६ अंश सेल्सिअस. पान त्यात पडलं की क्षणात काचेसारखं कडक होतं आणि खलात त्याची पूड होते. आमच्या कॉलेजात द्रव नायट्रोजन कुठला? पण तालुक्यात तो आहे, आणि वर्षानुवर्षं आहे. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य ज्या पिंपात ठेवतात, त्यात तोच असतो. माझा एक जुना विद्यार्थी त्या कामात आहे. भरलेलं पिंप आलं की तो कधीकधी थोडासा आमच्या फ्लास्कमध्ये ओततो आणि हसून म्हणतो, "मॅडम, गाभण कोण राहणार आहे, शेवगा?" झाकण घट्ट लावायचं नाही, जाड हातमोजे घालायचे आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, एवढं त्याला सांगावं लागत नाही. आमच्या पोरांना मात्र चार-चारदा सांगावं लागतं.

नायट्रोजन नसेल त्या दिवशी दुसरा उपाय. पान खुडायचं ते बर्फाच्या डब्यात, आणि डब्यातून थेट ॲसिडात. चार टक्के ऑक्झॅलिक ॲसिड खलात आधी ओतून ठेवायचं आणि पान त्याच्यात वाटायचं. आधी वाटून मग ॲसिड ओतलं तर उशीर झालेला असतो. पेशी शाबूत असते तोवर व्हिटॅमिन एका कप्प्यात आणि त्याला खाऊन टाकणारी एन्झाइमं दुसऱ्या कप्प्यात असतात. खलाचा पहिला दणका बसला की सगळ्या भिंती पडतात आणि सगळे समोरासमोर येतात. काकडी-भोपळ्याच्या कुळात तर ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर. त्याच्या पोटात तांबं असतं, आणि ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं व्हिटॅमिन सी भराभर संपवतं. ॲसिडात ते लुळं पडतं. नुसतं मोकळं तांबंही हेच काम करतं, जरा संथपणे. त्यामुळे या प्रयोगाला पाणी लागतं ते काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातित केलेलं. लिंबू-सरबत तांब्याच्या भांड्यात ठेवू नये असं म्हातारी माणसं सांगतात ते वेगळ्या कारणानं, पण सल्ला इथेही लागू आहे.

हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर वांगं कापावं. आमच्याकडे वांगं म्हटलं की भरिताचंच, हिरवं, फिकट रेघांचं, एका हातात न मावणारं. बामणोदकडचं असेल तर विचारायलाच नको. मी प्रात्यक्षिकाला त्याची एक चकती करते आणि टेबलावर ठेवते. पाच-सात मिनिटांत कापलेल्या अंगावर तपकिरी झाक येऊ लागते, आधी बियांच्या रांगेपाशी, मग बाहेर. चिरताना पेशी फुटल्या, आतल्या फिनॉल द्रव्यांवर एन्झाइमानं काम सुरू केलं, आणि त्यातून तपकिरी रंगाकडे जाणारी क्विनोनं तयार झाली. व्हिटॅमिन सी जवळ असेल तोवर ते त्या क्विनोनांना परत फिनॉल करून टाकतं. ते संपलं की रंग उघडा पडतो. दुसऱ्या चकतीवर मी ऑक्झॅलिक ॲसिड ओतते. ती पांढरीच राहते. पोरं मोबाइल काढून दोन्ही चकत्यांचे फोटो घेतात. नाना तेवढ्यात उरलेलं वांगं कागदात गुंडाळून बाजूला ठेवतात. ॲसिड लागलेलं नाही ना, एवढं मी विचारते. पुढचं विचारत नाही.

जांभळी वांगी मात्र या प्रयोगाला आणू नका, असं मी बजावते, आणि दर वर्षी एखादा गट आणतोच. जांभळ्या सालीतला रंग ॲसिडात गुलाबी-लाल होतो. आता पानातलं व्हिटॅमिन सी आम्ही मोजतो ते टायट्रेशननं, म्हणजे अर्कात ब्युरेटमधून एक रंग थेंबाथेंबानं सोडून, आणि त्यात शोधायचा असतो तोसुद्धा गुलाबीच रंग. लाल माठाचंही तेच दुखणं, त्याचा रंग पाण्यात उतरतो आणि अर्क आधीपासूनच सरबतासारखा गुलाबी असतो. अशा वेळी साल सोलावी, अर्क पातळ करावा, नाहीतर वेगळी पद्धत धरावी.

पद्धत जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ टिलमान्स यांच्या नावानं ओळखला जाणारा एक निळा रंग, डाय-क्लोरो-फिनॉल-इंडोफिनॉल. एवढं नाव कोण घेतो, सगळे डीसीपीआयपी म्हणतात. त्याची चिमूटभर पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात विरघळवून काळपट बाटलीत फ्रिजमध्ये ठेवतात. हा रंग रोज थोडा थोडा मरतो, त्यामुळे कालच्या मोजणीवर आजचा हिशेब करता येत नाही. रोज सकाळी आधी शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडाचं ताजं द्रावण करायचं, त्यातल्या पाच मिलीत बरोबर अर्धा मिलिग्रॅम यावं असं. त्याला किती रंग लागला ते लिहून ठेवायचं आणि मग पानाकडे वळायचं.

अर्क गाळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं निवळ पाच मिली कोनिकल फ्लास्कमध्ये घेतलं. त्यात दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड. खाली पांढरी टाइल. ब्युरेटमधून निळा थेंब सुटतो, ॲसिडला टेकतो त्या क्षणी गुलाबी होतो, आणि मनगटाचा एक हेलकावा बसायच्या आत नाहीसा होतो. व्हिटॅमिननं त्याला इलेक्ट्रॉन देऊन रंगहीन केलं. सुरुवातीला थेंब जातात कुठे हे कळतही नाही. मग थेंब पडतो तिथं गुलाबी ठिपका थोडा रेंगाळायला लागतो, एक हेलकावा, दोन हेलकावे. इथं नवशिके नेमके अधीर होतात आणि तोटी सैल सोडतात. नाना मागून येतात, "धीरं धीरं टाक माय, थेंब थेंब." शेवटी एक थेंब असा पडतो की सगळ्या द्रावणावर फिकट गुलाबी झाक चढते आणि पंधरा आकडे मोजेपर्यंत तशीच राहते. "देख, आते व्हयनं गुलाबी," नाना म्हणतात. चष्म्याचा नंबर वाढला तरी त्या गुलाबीबद्दल आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा. मी एकदा वर्णमापीवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्रावर, ताडून पाहिलं. नाना बरोबर होते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

प्रमाण द्रावणाला किती रंग लागला, पानाच्या अर्काला किती लागला, त्रैराशिक मांडलं, झालं. आकडा येतो. तो आला की मात्र नीट विचारायचं असतं की या निळ्या रंगानं नेमकं काय मोजलं. जो कोणी इलेक्ट्रॉन देईल त्याच्यापुढे तो रंग सोडतो, नाव-गाव विचारत नाही. लोहाचा एक प्रकार, गंधकाची काही संयुगं, टॅनिनं, सगळी त्याला रंगहीन करू शकतात. आवळा तुरट का लागतो? टॅनिनांमुळेच. म्हणजे जुन्या पद्धतीच्या आवळ्याच्या आकड्यात दुसऱ्यांचंही श्रेय व्हिटॅमिन सीच्या नावावर जमा होण्याची पुरेपूर सोय आहे. उलट एक गोष्ट या रंगाला अजिबात दिसत नाही. व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन देऊन बसलं की त्याचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. आपलं शरीर ते परत वळवून वापरतं, त्यामुळे खाणाऱ्याच्या दृष्टीनं ते व्हिटॅमिनच. पण त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरलेले नसतात, म्हणून ब्युरेटपुढे ते शून्य. आणि ते फार काळ तसंही राहत नाही. ॲसिडाबाहेर, उबेत, काही मिनिटांत त्याच्या रेणूतली कडी तुटते. मग ते ना व्हिटॅमिन, ना परत येण्याची वाट.

ते दिसावं म्हणून रो आणि क्यूथर यांनी १९४३ साली दुसरी पद्धत काढली. त्यात सगळं व्हिटॅमिन आधी मुद्दाम ऑक्सिडाइज करायचं, मग डायनायट्रोफिनाइल-हायड्रॅझीनबरोबर ते तासन्‌तास उबवायचं, आणि शेवटी तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात उतरलेला लालसर रंग यंत्रावर मोजायचा. आम्ही ती एम.एस्सी.च्या पोरांकडून करवून घेतो, पण सल्फ्युरिक ॲसिड बर्फात थेंबाथेंबानं टाकताना माझाच जीव वरखाली होतो. एचपीएलसी नावाचं, घटक वेगळे करून मोजणारं यंत्र असेल तर हे सगळं सोपं. नळीतून अर्क जातो, घटक एकेक करून वेगळे बाहेर पडतात, आणि व्हिटॅमिन सी अतिनील प्रकाश शोषतं तेवढ्यावर त्याची एकट्याची मोजणी होते. टॅनिन वेगळं, व्हिटॅमिन वेगळं. त्यासाठी जळगावला नमुने न्यायचे तर आम्ही ते ॲसिडात, बर्फात आणि अंधारात नेतो, आणि बस मध्येच बंद पडली तर परत येऊन पुन्हा खुडतो.

तर आवळ्याचे दोन आकडे. जात वेगळी, पिकलेपणा वेगळा, रानातला की बागेतला हा फरक वेगळा, आणि या सगळ्यावर मोजणारा प्रश्नच वेगळा. ब्युरेट विचारते, इलेक्ट्रॉन कुणाकुणाकडे आहेत? एचपीएलसी विचारतं, हा अमुक रेणू किती आहे? धडगावकडची एक विद्यार्थिनी सुट्टीवरून येताना सातपुड्यातले बारके रानआवळे आणते. ते आम्ही दोन्ही प्रकारे मोजले. ब्युरेटचा आकडा वर आला. तिनं विचारलं, "मॅडम, प्रबंधात कोणता लिहू?" दोन्ही लिही, आणि प्रत्येकापुढे पद्धत लिही. पानं वाढतात म्हणून ती कुरकुरली, पण लिहिलं.

प्रबंधात हे चालतं. पाकिटावर चालत नाही. गेल्या हिवाळ्यात जवळच्या गावच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघी शेवग्याच्या पाल्याची पूड घेऊन आल्या. पाला त्यांच्याच बांधांवरचा, धुतलेला, गच्चीवर वाळवलेला, गिरणीतून दळून आणलेला. रंग सुरेख होता. पाकिटाचा नमुनाही छापून झाला होता आणि त्यावर ठळक अक्षरात होतं, "संत्र्याच्या सातपट व्हिटॅमिन सी". प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता, तिथं प्रयोगशाळेचा कागद लागेल असं कुणीतरी सांगितलं होतं.

ते सातपट कुठून आलं ते मला माहीत होतं. जुन्या तक्त्यात संत्र्याला ३० आहेत आणि शेवग्याच्या पाल्याला २२०. भागाकार केला की सात येतात. पण तो पाला ताजा. पुडीचा नाही.

त्यांच्यासमोरच पूड तोलली, वाटली, गाळली. ब्युरेट त्यांनाच धरायला दिली. खजिनदार बाईंचा हात आमच्या पोरांपेक्षा स्थिर, दूध मापून घालणारा हात. पहिले थेंब नाहीसे झाले आणि पाठोपाठ लगेच गुलाबी झाक आली ती गेलीच नाही. बाई ब्युरेटकडे पाहत राहिल्या. तिच्यात निळा रंग जवळजवळ वरपर्यंत तसाच होता.

"पान तं हिरवंगार शे," त्या म्हणाल्या, "मंग व्हिटॅमिन कोठे गयं?"

गच्चीवर. मिरचीचं पथारीवर गेलं तसं. हिरवा रंग टिकला, कारण तो वेगळ्या द्रव्याचा आहे आणि इतक्या लवकर मोडत नाही. लोह आणि कॅल्शियम तर उडूच शकत नाहीत, पाणी गेल्यावर ती उलट घट्ट होतात, तेव्हा त्यांची तपासणी करून ते आकडे छापा असं मी सांगितलं. ती तपासणी आमच्याकडे होत नाही, कुठे होते त्याचा पत्ता दिला. अध्यक्ष बाई हिरमुसल्या. "इतलं कष्ट करीसन बी सातपट नही लिखानं का?" छापलेल्या पाकिटांचा खर्च त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मग त्यांनी सावलीत, फडक्याखाली वाळवलेली पूड आणली. ती गच्चीवरच्यापेक्षा बरी निघाली, पण साताच्या आसपास कुठेच नाही. आधी वाफवून वाळवली तर एन्झाइमं मरतात, पण वाफेत आणि पाण्यातही थोडं जातंच. तोही एक घाणा त्या करून आणणार आहेत, आणि आम्ही तो मोजणार आहोत, कारण आता त्या दोघींइतकीच मलाही उत्सुकता लागली आहे.

जाताना खजिनदार बाईंनी विचारलं, पूड राहू द्या, सकाळी तोडलेला ताजा पाला जुड्या बांधून आठवडे बाजारात ठेवला तर पाटीवर सातपट लिहिता येईल का? नव्या तक्त्याप्रमाणे सात जरा जास्तच होतात, मी म्हटलं, पण "संत्र्याहून जास्त" असं खुशाल लिहा. सकाळचा पाला आहे, सावलीत ठेवलाय, ओल्या फडक्यात गुंडाळलाय, तोवर ते खरं आहे. दुपारी एकनंतर मी जामीन राहणार नाही.

"मंग दुपारले पाटी पुसी टाकसूत," बाई म्हणाल्या, आणि पुडीची पिशवी उचलून बसच्या वेळेला निघाल्या.